ऑइलचा लाल दिवा

वकीलसाहेबांच्या गाडीत वेगाच्या काट्याखाली वाटाण्याएवढा एक लाल दिवा होता. १९५८ सालच्या त्या दोन महिन्यांत मला त्याच्याइतकी भीती कशाचीच वाटत नव्हती. किल्ली फिरवली की तो लागायचा आणि इंजिन सुरू झालं की विझायचा. विझला नाही तर समजायचं की इंजिनात ऑइल चढत नाही. मग लोखंडावर लोखंड घासतं, इंजिन जाम होतं आणि धावत्या गाडीची मागची चाकं एकदम अडकतात.

हे मला कुणी शिकवलं नव्हतं. परतवाड्याला लाकडाच्या ट्रकवर क्लीनर होतो तेव्हा घाटात आमचं इंजिन असंच जाम झालं आणि ट्रक उलटला. ड्रायव्हर श्रावण स्टेअरिंगखाली सापडला. त्याला बाहेर काढेपर्यंत दुपार झाली, आणि तोवर त्याचं बोलणं बंद झालं होतं. पुढे कितीतरी दिवस मी बैलगाडीतसुद्धा कड घट्ट धरून बसायचो.

अशा माणसाच्या नशिबी हा दिवा यावा!

महादेवराव वकील राहायचे अमरावतीला, पण त्यांचे निम्मे खटले अकोल्याच्या कोर्टात. आठवड्यातून दोनतीनदा साठ मैल जायचं आणि साठ मैल यायचं. आमच्या वस्तीत लायसन मिळवलेला मी पहिला. नागपूरला बौद्ध धम्माची दीक्षा घेऊन आलो, घरातले देव नदीत सोडले, आणि दीडेक वर्षाने ही नोकरी लागली. वकील मनाने मोकळे होते. त्यांचा कारकून गोवर्धन तसा नव्हता. त्याचा मेहुणा ड्रायव्हरकी शिकून घरी बसला होता, त्यामुळे चालत्या गाडीत दिवा लागल्याचं कळताच गोवर्धनला कंठ फुटला.

"पहिल्या डायव्हरच्या वक्ताले हा दिवा कधी लागला नाही बापा," तो ओसरीवर बसून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणायचा. "हात बदलला का मशीनले समजते."

कोणता हात ते त्याने कधी उघड सांगितलं नाही. सांगायची गरजही नव्हती.

मी ऑइल मोजायची पट्टी काढून पाहिली. ऑइल भरपूर होतं. तरी सगळं ऑइल बदललं. बडनेऱ्यापर्यंत दिवा विझलेला राहिला आणि रेल्वे फाटकाचे रूळ ओलांडले तसा पुन्हा लागला. मी घाबरून तिथल्या तिथे इंजिन बंद केलं. मागून बैलगाड्यांची रांग लागली, लोक ओरडायला लागले, आणि साहेबांनी वर्तमानपत्र खाली घेऊन माझ्याकडे नुसतं पाहिलं.

बडनेऱ्याला सूर्यभान मिस्त्री होता, रेल्वेच्या वर्कशॉपातून निवृत्त झालेला. त्याने बॉनेट उघडलं. आत एका लोखंडी नळीवर लिंबू, सात मिरच्या आणि एक बिबा बारीक तारेत ओवून लटकवलेला होता. साहेबांच्या आई, पार्वताबाई, दर शनिवारी स्वतःच्या हाताने ते बदलायच्या. पूर्वी पुढच्या बंपरला बांधायच्या. पण कोर्टासमोर लिंबू मिरवत जायची साहेबांना लाज वाटायला लागली, म्हणून बाईंनी ते अलीकडेच बॉनेटखाली नेलं. मुलगा तिथे कधी डोकावत नाही हे त्यांना ठाऊक होतं. मी एकदा मदतीला हात पुढे केला तर म्हणाल्या, "तू नोको लावू हात." तेव्हापासून मी त्या लिंबाकडे पाहतसुद्धा नव्हतो.

मिस्त्रीने लिंबू उतरवलं, कपाळाला लावलं, फडक्यावर ठेवलं आणि मग कामाला लागला. दिवा लावणारा ऑइलचा स्विच खोलला आणि मला इंजिन फिरवायला सांगितलं. स्विचच्या भोकातून ऑइलची चिळकांडी त्याच्या सदऱ्यावर उडाली.

"पाह्य, ऑइल तर सपाट्यानं येऊन राहिलं," तो म्हणाला. "इंजन चांगलं हाय. तुह्या स्विचच खराब असन."

त्याने नवा स्विच बसवला. दिवा विझला. आम्ही अर्धा तास इंजिन चालू ठेवून पाहिलं, दिवा काही लागला नाही. मिस्त्रीने पुन्हा नमस्कार करून लिंबू जागच्या जागी लटकवलं, बॉनेट लावलं, आणि मी कितीतरी दिवसांनी शीळ घालत निघालो. अमरावतीच्या नाक्याआधीच दिवा लागला.

तो दुसरा स्विच झाला. नंतर तिसराही झाला. दर वेळी मिस्त्रीच्या दारात दिवा विझायचा आणि घरी येईपर्यंत लागायचा. मला झोप लागेना. बायको इंदू म्हणायची, गाडी दुसऱ्याची, इंजिन दुसऱ्याचं, तुम्ही काहून मरून राहिले? तिला काय सांगणार? इंजिन माझ्या हातात जाम झालं असतं तर मेलो नसतो तरी संपलो असतो. मग आमच्यातल्या कुणाला पुन्हा गाडीची किल्ली कोण देणार होतं?

शेवटी साहेबच वैतागले. अकोल्याला खुनाच्या खटल्याची तारीख होती. मूर्तिजापूर मागे पडलं आणि दिवा लागला. मी गाडी बाजूला घेतली.

"काहून थांबवली?"

"दिवा लागला, साहेब."

"देवमन, अकरा वाजता माझं काम आहे. आज पोचलो नाही तर उद्यापासून तू येऊ नको." त्यांनी आवाज चढवला नव्हता. "आणि इंजिन बंद करू नको. बॅटरी मेलेली आहे, इथे कोण धक्का मारणार?"

एरवी दिवा लागला की मी भीतीने आधी इंजिन बंद करायचो आणि मगच बॉनेट उघडायचो. त्या दिवशी पहिल्यांदा चालत्या इंजिनावर ते उघडलं. आता फुटतं की मग फुटतं, असं वाटत होतं. आत सगळं थरथरत होतं आणि त्याबरोबर मिरच्याही नाचत होत्या. त्यांच्या तारेचं खालचं टोक पुन्हा पुन्हा स्विचच्या पितळी डोक्याला जाऊन टेकत होतं.

मी साहेबांना दिव्यावर नजर ठेवायला सांगितलं आणि पान्याने लिंबू अलगद उचललं.

"विझला," साहेब आतून म्हणाले.

सोडलं.

"लागला."

स्विचकडे जाणारी वीज त्या तारेतून परस्पर नळीत उतरत होती आणि दिवा पेटत होता. ऑइलचा काही संबंधच नव्हता. मला आनंद व्हायला हवा होता, पण झाला नाही. इंजिनाची भीती गेली आणि तिच्या जागी माणसांची आली. मी ते लिंबू फेकलं आणि आज साहेब खटला हरले तर? त्यांना नुसता ताप आला तरी गोवर्धन काय म्हणेल ते मला पाठ होतं. धर्म सोडलेल्या माणसाने बाईंचं लिंबू काढून टाकलं!

मी फडक्याची चिंधी फाडली, तार काढून टाकली, लिंबू-मिरच्या चिंधीत बांधल्या आणि नळीवर लटकवल्या. यापुढे असलं काही मानणार नाही अशी शपथ घेतलेल्या हातांनी बांधल्या. साहेबांना म्हणालो, वायर ढिली होती. अकोल्याला साडेदहाला पोचलो. दिवा लागला नाही, आणि मला स्वतःची एवढी लाज कधी वाटली नव्हती.

शनिवारी पार्वताबाई नवं लिंबू घेऊन गाडीपाशी आल्या. गोवर्धन ओसरीवर होताच.

"तुह्या हातानं दिवा इझला म्हणते महादेव," बाई म्हणाल्या. "तुह्या हाताले गुण हाय. आता दर शनिवारी तूच बांधत जाय." आणि लिंबू माझ्यापुढे धरलं.

तारेत ओवलेलं होतं. मी हो म्हटलं असतं तर नोकरी जन्मभराची पक्की होती. मी हात मागे घेतले.

"बाई, मी बांधणार नाही. मी हे मानत नाही. आन् तो दिवा या तारेनंच लागे."

मग सगळं सांगितलं. तार कुठे टेकायची तेही बॉनेट उघडून दाखवलं. त्यांनी वाकून आत पाहिलं. शिव्या येतील म्हणून मी वाट पाहत होतो. त्यांनी पदराने तोंड पुसलं.

"माह्या मोठा पोरगा मोटारीतच गेला," त्या हळू म्हणाल्या. "नागपूरच्या रस्त्यानं. हा एकच राह्यला. दिवा लागला असं आयकलं का मी एक मिरची वाढवून बांधो." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "मंग आता त्याच्यासाठी मी काय बांधू, सांग बरं?"

मी म्हणालो, "काही नका बांधू बाई. मी वेगाचा काटा चाळीसच्या वर जाऊ देत नाही."

त्यांनी लिंबू पदरात घेतलं. गोवर्धन काही बोलायला उठला, तर त्याला म्हणाल्या, "तू बस." आणि आत गेल्या.

सोमवारी बॉनेटखाली काही नव्हतं. दिवा विझलेला होता, रस्ता कोरडा होता, साहेब मागे कागद वाचत होते. निघताना दारात उभ्या बाईंनी गाडीकडे पाहिलं नाही, माझ्याकडे पाहिलं. आता काही झालं तर ते फक्त माझ्यामुळे होणार होतं. मूर्तिजापूर येईपर्यंत काटा तिसाच्या वर गेला नाही.