गाठींचा रकाना

बाईंनी तेविसावं पिल्लू उताणं टाकलं आणि पोटावर कात्री चालवली. भपकन वास आला. वीस वर्षं मेलेल्या कोंबड्या फाडूनही त्यांना या वासाची किळस यायचीच. "शी! सवय कसली होतेय डोंबलाची," असं त्या म्हणायच्या.

आज यकृत मात्र गुळगुळीत होतं. गेल्या खेपेच्या पिल्लांत मूळ विषाणूनं तिथे पांढऱ्या गाठींचा नुसता बुजबुजाट केला होता. विषाणूतलं एक जनुक पेशींना वाढा, वाढा म्हणून चिथावतं. बाईंच्या भाचीनं सहा वर्षं खपून तेवढंच जनुक काढून टाकलं आणि उरलेल्या विषाणूची लस करून या तेवीस पिल्लांना टोचली. उद्या प्रयोगशाळेचे साहेब ती लस मंजुरीला पाठवणार होते.

"मावशी, एकही गाठ नाही ना?" भाचीनं नाकाला रुमाल लावून दारातूनच विचारलं.

"नाही गं बाई. जिंकलीस!"

पिल्लू बादलीत टाकताना मान हाताला फारच बारीक लागली, म्हणून बाईंनी ती चिरली. तिथे दोन्ही बाजूंना घेवड्याच्या दाण्यांसारखी ग्रंथींची माळ असते. रोगाशी लढण्याचं बळ तिथेच तयार होतं. इथे तिळाएवढे ठिपके उरले होते. बाईंनी बादलीतली बावीसही पिल्लं काढून माना चिरल्या. सगळीकडे तेच.

"मान कशाला चिरलीस?" भाची म्हणाली. तिला आश्चर्य वाटलंच नव्हतं.

"तुला ठाऊक होतं?"

"तपासणीच्या फॉर्मवर गाठींचाच रकाना आहे. खोटं काय लिहितोय आपण?"

"अगं, लस टोचलेली पिल्लं साध्या सर्दीनं मरतील!"

"ते नंतर बघू. तू सही कर ना."

आई गेल्यावर याच मुलीला बाईंनी हातानं भरवलं होतं. आता तिची ती स्वच्छ बोटं बघवेनात. आतड्यांची आली नव्हती इतकी शिसारी आली.

त्यांनी रक्ताळल्या हातमोज्यानंच फॉर्म ओढला, नवा रकाना आखला आणि लिहिलं: मानेतल्या ग्रंथी, तेवीसपैकी तेवीस सुकलेल्या. खाली सही ठोकली.

"मावशी, माझी सहा वर्षं गं!"

"मग घे, फाडून टाक." बाईंनी कागद पुढे धरला.

भाचीनं हात पुढे केला, ओलं रक्त बघितलं आणि हात मागे घेतला. बाई कागद घेऊन साहेबांच्या खोलीकडे निघाल्या.