मागचा निवाडा कायम

उंबरपाड्याला स्वतःची ग्रामसभा मिळाली तेव्हा सगळ्यात जास्त आनंद गोकुळला झाला, आणि त्यात गावाचं भलं वगैरे काही नव्हतं. त्याला त्याची भुरीकाकी घरी आणायची होती.

आई गेल्यावर याच काकीने त्याला वाढवलं. पुढे काका वारला, काकी एकटी पडली, आणि शेजारच्या वीरसिंगचा धाकटा मुलगा तापाने गेला. गावच्या बडव्याने, म्हणजे भगताने, सुपात दाणे टाकून देवाला विचारलं आणि काकीचं नाव घेतलं. डाकीण! सूर्य मावळायच्या आत तिला पाड्याबाहेर काढलं. असं करणं सरकारी कायद्याने गुन्हा आहे, हे सगळ्यांना ठाऊक होतं. पोलीस आलेही, पण साऱ्या पाड्याने तोंडाला कुलूप घातलं तर पोलीस तरी काय करणार? तेव्हापासून काकी खाली कळसाडीला, हिलाल आण्णाच्या उसाच्या बांधावर झोपडी घालून राहत होती.

गोकुळ बारावी झालेला. धडगावला पेसाच्या, म्हणजे आदिवासी गावांच्या स्वशासनाच्या कायद्याच्या, प्रशिक्षणात चार दिवस बसून आलेला. तिथे त्याच्या डोक्यात एक गोष्ट पक्की बसली, की पाड्याने आपले नियम आपण करायचे. वरून आलेला कायदा घाट चढेपर्यंत दमतो. आपला आपण केलेला कशाला दमेल? बिचाऱ्याला खरंच तसं वाटत होतं.

त्याने नियम लिहायला घेतले. झऱ्यावर कोणाला अडवायचं नाही. येशूची प्रार्थना करणाऱ्या घरांनाही पाड्याच्याच मसणात जागा द्यायची. विधवेलाही मोहफुलांत वाटा आणि सभेत बोलायला जागा. आणि शेवटचा, ज्याच्यासाठी बाकीचे सगळे जमवले होते तो: कोणत्याही बाईला डाकीण ठरवायचं नाही, घरातून काढायचं नाही, काढलं तर दंड.

उंबरपाड्यात हात वर करून मोजदाद करत नाहीत. बोलणं झालं की रेवजीबाबा पुजारा पानाच्या दोन्यात मोहाची दारू घेतो आणि एकेकाकडे बघतो. सगळे हो म्हणाले तरच तो पूर्वजांच्या नावाने जमिनीवर धार टाकतो. एकही जण नाही म्हणाला, तर दोना खाली ठेवतो. पण एकदा धार पडली की तो शब्द कोणाला फिरवता येत नाही.

शाळेच्या पडवीत सभा बसली. गोकुळ मराठीत लिहिलेलं पावरी बोलीत समजावत गेला आणि माणसं माना हलवत गेली. शेवटच्या नियमाला वीरसिंग उठला. त्याचा आवाज चढलेला नव्हता, हेच वाईट.

"नियम चांगला आहे," तो म्हणाला. "पण माझं पोर कोणामुळे गेलं ते सगळ्यांना माहीत आहे. ती परत येणार असेल तर मी नाहीच म्हणणार. आज पण आणि पुढे पण."

गोकुळकडे कोणी बघेना. शेवटी रेवजीबाबा बोलला, आणि तो काही दुष्ट माणूस नव्हता.

"गोकुळ, पुढच्यांसाठी नियम कर. मागचं उकरू नको. तेवढं लिही, मी धार टाकतो."

गोकुळच्या डोक्यात चक्र सुरू झालं. आज मोडलं तर पुन्हा कधी जमायचं नाही. त्याची बायको सीमा पोटुशी होती; उद्या कोणाचं ढोर मेलं तर तिचंही नाव निघेल. आधी नियम तर होऊ दे, काकीचं मग हळूहळू बघू. शहाणी माणसं अशीच फसतात. त्याने खाली वाकून लिहिलं: "हा नियम आजपासून पुढे लागू. मागे झालेले निवाडे कायम." आणि ते मोठ्याने वाचलं.

सगळे हो म्हणाले. धार पडली. वीरसिंगने पुढे येऊन गोकुळला मिठी मारली आणि लहान मुलासारखा रडला. तालुक्यातून आलेल्या साहेबांनी शेजारच्या पाड्यांना दाखवायला नियमांची नक्कल मागून घेतली. फार सुंदर काम झालं म्हणाले.

दुसऱ्या दिवशी, काकीला आधी कळवलं होतं तसा, गोकुळ जीपने घाट उतरून कळसाडीला गेला. बांधावरच हिलाल आण्णा भेटला.

"उना का रे? आज लई जाशी ना तुन्ही काकीले? सकायपाइन गाठोडं बांधीसन बठेल शे ती."

खरंच बसली होती. स्वच्छ लुगडं, तेल लावलेले केस, मांडीवर गाठोडं. गोकुळने तिला सगळं सांगितलं. वीरसिंग, सीमा, पुढच्या बायका, हळूहळू. बोलता बोलता त्यालाच आपलं बोलणं फोल वाटायला लागलं.

"काय लिहिलं, ते वाच," काकी म्हणाली.

त्याने वाचलं.

"मागचे निवाडे म्हणजे कुठले?"

"तसे… जुने असतील ते सगळे."

"डाकिणीचा माझ्याशिवाय दुसरा कुठला आहे?"

दुसरा नव्हता.

"बडवा प्यालेला होता," काकी सावकाश म्हणाली. "वीरसिंगचं पोर दारात पडलेलं. बाकीचे घाबरलेले. त्या दिवशी कोणी सभा नव्हती भरवली, कोणी धार नव्हती टाकली. मी रोज म्हणायचे, रागातलं बोलणं आहे, राग उतरला की बोलावतील. निवाडा नव्हताच रे तो."

"काकी, मी तुझ्यासाठीच तर…"

"रेवजीने तुझ्याकडे बघितलं असेल."

"हो."

"मग काय म्हणालास?"

त्याने होकाराची मान हलवली. एका माणसाच्या नाहीने थांबलं असतं ते त्याच्या होने कायमचं झालं होतं, आणि हे पाड्यात एकालाही सुचलं नव्हतं, त्यालासुद्धा.

काकी रडली नाही, ओरडली नाही. तिने गाठोडं सोडलं, आतलं पातेलं काढलं, चूल पेटवली आणि एका माणसापुरत्या कण्या त्यात टाकल्या.