हिस्टेरिया नावाचा जुना शब्द

मित्रांनो, मी एक जुना शब्द आहे. वस्तू जुनी झाली की लोक तिला माळ्यावर टाकतात, मला मात्र कोणी सुखाने निवृत्तही होऊ देत नाही. माझे नाव हिस्टेरिया. ग्रीक भाषेत गर्भाशयाला जो शब्द आहे, त्याच्या पोटी माझा जन्म झाला. बाईचे गर्भाशय अंगभर भटकते आणि म्हणून ती आजारी पडते, अशी तिथल्या काही जुन्या वैद्यांची समजूत होती. ज्ञान तोकडे, पण ऐट केवढी!

पुढे इंग्रजीने मला दत्तक घेतले. डॉक्टरांच्या जाडजूड पुस्तकांत मला मानाचे पान मिळाले. बाईच्या दुखण्याचे कारण सापडले नाही, की मला पुढे करायचे. झाकली मूठ सव्वा लाखाची!

एका कारखान्यात एक ताई थर्मामीटरच्या नळ्यांत पारा भरायची. नळ्यांची तोंडे वितळवून बंद करणाऱ्या बर्नरची ज्योत हलू नये म्हणून तिथे पंखे बंद आणि खिडक्या लावलेल्या असत. सांडलेल्या पाऱ्याचे थेंब ती हातानेच गोळा करायची. हळूहळू तिचे हात थरथरू लागले, हिरड्यांतून रक्त येऊ लागले, झोप उडाली.

कारखान्याचे डॉक्टर तिच्या नवऱ्याला म्हणाले, "काही नाही हो, हिस्टेरिया आहे. बायकांना होतो."

घरी आल्यावर नवरा म्हणाला, "ऐकलंस ना? आता ही सोंगं पुरे. गुपचूप कामाला जा."

"अहो, कप उचलला की चहा सांडतो. मुद्दाम सांडते का मी?"

ती कामावर जात राहिली.

मग तिच्या शेजारी बसणाऱ्या दादाचे हात थरथरू लागले. आता आली का पंचाईत! पुरुषाला गर्भाशय कुठून आणणार? मला कोणी बोलावलेच नाही. त्याची लघवी तपासली, तीत पारा निघाला आणि पाऱ्याची विषारी वाफ बाहेर जावी म्हणून लगोलग खिडक्या उघडल्या. दादा बरा झाला. ताईला मात्र फार उशीर झाला होता. आज तिची जाऊ तिला घास भरवते.

"तेव्हा कळायला मार्ग नव्हता," डॉक्टर म्हणाले. खोटे! मार्ग तोच होता. तिच्यासाठी त्या वाटेने जावेसे कोणाला वाटले नाही.

आता वैद्यकाच्या पुस्तकांतून मला काढून टाकले आहे. बरे झाले. पण लोकांच्या जिभेवर मी अजून ठणठणीत आहे. मित्रांनो, तुमची आई, ताई, मावशी कधी म्हणाली, "माझे हात थरथरतात," तर मला हाक मारू नका. तिचे हात हातात घ्या आणि नीट बघा.