दोन छपरांच्या मधला पत्रा

साधनाचा माग खड्ड्यातला. पाय खड्ड्यात, हात वर, अन् समोर कोशाच्या रेशमाचा ताणा पिकल्या धानासारखा पिवळा. असा माग काही उचलून दुसऱ्या खोलीत नेता येत नाही, आणि नेमकं त्याच्याच डोक्यावर दर पावसाळ्यात पाणी गळायचं. मागच्या वर्षी अर्धं विणलेलं लुगडं डागाळलं, तेव्हा नवरा राजकुमार म्हणाला होता, "यंदा गळलं तं खड्डा बुजवून टाकू. बस माह्यासंगं दुकानात." दुकानाचं तिला वावडं नव्हतं; पण खड्डा बुजणार म्हटलं की तिच्या पावलांना कसंसंच व्हायचं.

म्हणून ऐन वैशाखात तिनं इश्वरला बोलावलं. आंधळगावात कवेलू, म्हणजे छपरांची कौलं, फेरणं, पत्रे बसवणं हे त्याचं काम. साधनाचं छप्पर आणि शेजारच्या मोठ्या जावेचं, पार्वताबाईचं, छप्पर एकमेकांकडे उतरत यायची आणि मध्ये खोलगट पन्हाळ व्हायची. तिच्यात जस्ती पत्रा होता, चांगला चकचकीत. कुठं भोक नाही, गंज नाही. तरी गळायचं.

पाणी जावेच्याच छपराचं, असं सारं घर म्हणे. साधनाही म्हणे. पण ते येतं कोणत्या वाटेनं, हे कुणी डोळ्यांनी पाहिलं नव्हतं. आता मात्र तिला राहवेना.

"इश्वरभाऊ, तुमी वरून पाणी सोडा. मी खालून पाहते."

तिनं मागावर मेणकापड पसरलं, मोबाईलची बत्ती लावली आणि मान मागं टाकून बसली.

पहिली बादली पार्वताबाईच्या उतारावर. पाणी कवेलूंवरून खळखळत उतरलं, पन्हाळीतून धावत अंगणात पडलं. वासे कोरडे.

"आलं का वो?"

"थेंबबी नाही."

"डोळा तं नाही लागला तुमचा?"

"माहा कायले लागन? तुमीच झोपले असान वर!"

दुसरी बादली साधनाच्या स्वतःच्या उतारावर. जरा वेळानं वाशाच्या पोटाशी एक थेंब जमला, गोल झाला, सरकत सरकत बरोबर मागावर आला आणि टप्पकन पडला.

"अरे बाप्पा! हे तं आपल्याच छपराचं!"

ती शिडीवर चढली. इश्वरनं बोटानं दाखवलं, तेव्हा तिला दिसलं, की पन्हाळीतला पत्रा एक नव्हताच. दोन होते. भावाभावांची वाटणी झाली तेव्हा ठरलं होतं, ज्याचं छप्पर त्यानं सांभाळावं. तेव्हापासून दोन्ही घरं आपापल्या बाजूनं पत्रा टाकत, तो पन्हाळीच्या मध्यापर्यंतच. पलीकडे हात घालायचा नाही. मध्ये पार्वताबाईच्या पत्र्याची कड वर आली होती, साधनाच्या पत्र्याची खाली.

"तुमचं पाणी सपाट्यानं उतरते अन् समोरच्या पत्र्याखाली घुसते," इश्वर हसला. "पन्हाळबी वाटून घेतली तुमी! एकच पत्रा पाह्यजे, दोन्हीकडच्या कवेलूखाली जाणारा. म्हणजे त्यांचेबी कवेलू उचला लागतीन."

"काय करून राहिले माह्या छपरावर?" खालून पार्वताबाईचा आवाज आला.

"बाई, पाणी आमचंच निघालं," साधना शिडीवरूनच म्हणाली. "आमी उगाच तुमच्या नावानं बोलत होतो."

"बोलत होते ते माहीत आहे मले. भिंत पातळ आहे आपली. पण तुमचं कसं निघालं, ते दाखव आदी."

पार्वताबाईचे गुडघे शिडी चढणारे नव्हते. ती मागाच्या खोलीत आली, वाटणीनंतर पहिल्यांदाच. इश्वरनं पुन्हा बादली ओतली. थेंब जमला, सरकला, पडला.

"हो वो!" ती लेकरासारखी पुढं झुकली. मग वर तोंड करून ओरडली, "उचल रे कवेलू! पण एकबी फुटलं तं तुलेच बसवीन तिथं!"

इश्वरनं जुने दोन्ही पत्रे काढले, फळीवर ठेवून नवा रुंद पत्रा मधोमध वाकवला, दोन्ही कडा वर वळवल्या, म्हणजे पाणी उसळलं तरी पलीकडे जाऊ नये. खिळे फक्त कडेला ठोकले, पाण्याच्या वाटेत एकही नाही. मग दोन्हीकडचे कवेलू त्याच्यावर पुन्हा निजवले.

दोघी जावा माना मागं टाकून बसल्या. या उतारावर बादली, त्या उतारावर बादली, मग दोन्हीकडून एकदम. वासे कोरडेच. साधनानं हात उंच करून लाकूड चाचपलं, मग हळूच मेणकापड काढलं आणि सवयीनं पाय खड्ड्यात सोडले.

पार्वताबाई उठली नाही. तिची नजर आता खाली आली होती.

"हे पाय कायले हालवते तू खड्ड्यात?"

"या, बसा. दाबा उजवा."

पार्वताबाईनं दबकत खड्ड्यातली पावडी पायानं दाबली. पिवळे धागे दोन पदरांत उघडले.

"अगं बाई! अन् आता?"

"आता त्याच्यातून हा धोटा फेका."

"अजून ओतू का पाणी?" वरून इश्वर विचारत होता. त्याला उत्तर द्यायला कुणाला सवड नव्हती.