सातव्या तासाची लाल ओळ

पंख्या हे त्याचं नाव ताईनेच ठेवलं होतं. त्याच्या कॉम्प्युटरला सात पंखे होते आणि खोलीला एकही नव्हता.

मशीनचा वेग कंपनीने आखून दिलेल्या मर्यादेपलीकडे पळवणं, म्हणजे ओव्हरक्लॉकिंग, हा त्याचा छंद. दाजी इमारतींच्या भाराची गणितं करायचे आणि त्यांचं मशीन एका तुळईला दोन चहांचा वेळ लावायचं. पंख्याने हौसेने बाह्या सरसावल्या. दाजींच्या प्रोसेसरवर उष्णता वाहून नेणारी नवी पेस्ट लावली, व्होल्टेज किंचित चढवलं, वेग ५.४ गिगाहर्ट्झवर नेला. मग प्रोसेसरला अवघड गणितं घालून त्याचं घामटं काढणारा चाचणीचा प्रोग्राम आठ तास चालवला. सातव्या तासाला पडद्यावर एक लाल ओळ उमटली: उत्तर चुकलं.

आठ तासांत एकदा! माणूस असता तर त्याचा सत्कार झाला असता. शिवाय ५.४चा फोटो ग्रुपवर आधीच टाकून झाला होता, त्याला बत्तीस अंगठे आले होते. आता ५.३ वर येणं म्हणजे चारचौघांत नाक कापून घेणं. पंख्याने वेग तसाच ठेवला आणि लाल ओळीची खिडकी बंद केली.

तीन आठवड्यांनी तो ताईकडे जेवायला बसला, तेव्हा दाजी भलतेच खुशीत होते.

"शाळेच्या गॅलरीचं अख्खं गणित एका दुपारीत! उद्या सकाळी स्लॅब ओततायत."

पंख्याने हातातला घास ताटात ठेवला. "त्या गॅलरीत किती पोरं उभी राहतील?"

"मधल्या सुट्टीत? दोनशे तरी. का, तुला प्रवेश हवाय?"

ताई खो खो हसली. पंख्या ताटाकडे बघत म्हणाला, "दाजी, मशीन एकदा चुकलं होतं. चाचणीत."

"मग माझ्या गणितात?"

"ते मशीन नाही सांगत. चुकतं आणि पुढे जातं."

"तुझ्यावरच गेलंय," ताई म्हणाली, पण आता तिला हसू येईना.

"आणि तू काय केलंस?" दाजींनी विचारलं.

"खिडकी बंद केली."

ताईने उगाच खिडकीकडे पाहिलं. ती सताड उघडी होती.

दाजी उठले. हात फार वेळ धूत राहिले. मग ओल्या हातानेच ठेकेदाराला फोन लावला. "उद्याचा स्लॅब थांबवा. गणित पुन्हा करायचंय." पलीकडचा आरडाओरडा सगळ्यांना ऐकू आला. "का म्हणून विचारताय? थांबा."

त्यांनी फोन पंख्यापुढे धरला.

"नमस्कार," पंख्या म्हणाला. "मी मेहुणा बोलतोय."