माझ्या पाठीवरची चांदी

मित्रांनो, मी मोटारीतला एक जुना रेडिओ. खरं तर 'मोटारीतला' हा शब्द मला आता शोभत नाही, कारण मोटार एकीकडे आणि मी पेणला, रामवाडीतल्या एका दुकानाच्या फळीवर. पण नोकरी सुटली तरी माणसं दारावरची पाटी काढतात का? तसंच समजा.

माझ्या तोंडावर दोन गोल बटणं आहेत, मध्ये कॅसेट घालायची खाच आणि तिच्याखाली एक हिरवा दिवा. माझा गळा गोड आहे असं लोक म्हणायचे. मी तिरसट आहे असं मात्र मीच म्हणतो. ज्याला आठ वर्षं सगळ्यांनी 'मेलेला' म्हटलं, त्याने गोड कसं राहायचं?

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते मला ठाऊक नाही. खोक्यात अंधार होता. उजेड दिसला तो पेणच्या एका दुकानात, आणि तिथून मला उचललं अब्बासचाचांनी. बारा वर्षं शारजात ट्रक चालवून ते घरी परतले होते आणि त्यांनी नवी कोरी व्हॅन घेतली होती. पुंडलिक नावाच्या मिस्त्रीने मला तिच्या डॅशबोर्डमध्ये बसवलं.

आता इथे जरा कान द्या. बॅटरीकडून एक पिवळी वायर आली आणि माझ्या पाठीवर टेपने बांधलेल्या फ्यूजमधून गेली. तिथून तिला दोन फाटे फुटले. एक माझ्या पोटात शिरला. दुसरा सरकत्या दाराच्या लोखंडी कडेने मागे गेला, मागच्या दिव्यापर्यंत. फ्यूज म्हणजे काचेच्या नळीतली केसाएवढी तार. वायरीत कुठे गडबड झाली की ही तार आधी स्वतः जळते आणि वीज तोडते, म्हणून गाडी जळत नाही. एवढासा जीव, पण घर राखतो.

माझे कामाचे दिवस मजेत गेले. श्रावण लागला की आम्ही जोह्याला जायचो आणि तिथल्या कारखान्यांमधून गणपती भरून आणायचो. मूर्ती पेंढ्यात बसवल्या की चाचा मला बंद करत. मागे काही करकरलं तर ऐकू यावं म्हणून. मला राग यायचा, पण मूर्ती उतरवून घेणारे म्हणायचे, "अब्बासभाईंच्या गाडीत उंदराचं शेपूटपन तुटत नाय," आणि मग चाचा खुशीत मला मोठ्याने लावायचे. इतका जपणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. म्हणूनच पुढची गोष्ट सांगताना मला वाईट वाटतं.

चाचांची मुलगी सफा. तिचं लग्न रोह्याला ठरलं. वऱ्हाड घेऊन आम्ही निघालो, गाडी खच्चून भरलेली, गाणी जोरात. नागोठण्याच्या अलीकडे मी अचानक गप्प झालो. माझा फ्यूज जळला होता. चाचांनी नवा घातला, तो पाच मिनिटांत जळला. सोबतचा शेवटचाही जळला. दोष माझा नव्हता. मागे जाणारी वायर दाराच्या कडेवर घासून उघडी पडली होती आणि लोखंडाला लागत होती. फ्यूज बिचारा तेच सांगत होता. पण मागून सगळे ओरडत होते, "गाणी लावा, गाणी लावा."

चाचा सगळ्यांची नजर चुकवून गाडीच्या मागे जाऊन आले. खिशातून त्यांनी सिगारेटच्या पाकिटातली चांदी काढली, म्हणजे तो चकचकीत कागद. जळलेल्या फ्यूजवर तो गुंडाळला आणि परत बसवला. मी पुन्हा गाऊ लागलो. सगळ्यांनी टाळ्या पिटल्या. मित्रांनो, आयुष्यात मला मिळालेली ती सगळ्यात मोठी शाबासकी, आणि ती अशा लबाडीवर मिळाली.

चांदी जळत नाही. ती वीज तोडत नाही. रोह्याच्या रस्त्याला चढावर दाराजवळ जळका वास आला आणि धुराची एक रेघ दिसली. चाचांनी गाडी बाजूला घेतली आणि बॅटरीवरची माझी वायर उपटली. वऱ्हाडाने विचारलं तेव्हा ते म्हणाले, "काय नाय. रेडिओ खराब निघाला. जळला."

खरं सांगितलं असतं तर चांदी कुठून आली ते सांगावं लागलं असतं. लग्नाच्या महिनाभर आधी बायकोला, आसियाचाचींना, त्यांनी कसम खाऊन सांगितलं होतं की सिगारेट सोडली.

त्यानंतर आठ वर्षं माझ्या बटणाला चाचांची तसबीह, म्हणजे जपमाळ, लटकत राहिली आणि कॅसेटच्या खाचेत टोलच्या पावत्या. कुणी बटण फिरवलं तर चाचा म्हणायचे, "तो मेलाय." एकच खोटं शंभरदा सांगितलं की सांगणाऱ्यालाच ते खरं वाटू लागतं. पुढेपुढे चाचांना ते खरंच वाटत असावं.

यंदा सफाने ठरवलं की या व्हॅनची कॅम्पर व्हॅन करायची. झोपायला फळी, पाण्याची टाकी, मागे गॅसची शेगडी, आणि आतून सगळीकडे सुंदर प्लायवूड; सगळं बसवून झालं, वायरिंग तेवढं राहिलं. पर्यटकांना समुद्रकिनारी न्यायचं, तिने स्वतः चालवायची. पहिलं कुटुंब ठरलंसुद्धा. ते ज्या दिवशी दुपारी तीनला रोह्यात येऊन थांबणार होतं, त्याच दिवशी सकाळी आम्ही रामवाडीत राणीच्या दुकानी पोचलो. सफा होती, तिची सहा वर्षांची हफ्सा होती आणि चाचा होते.

राणी गाड्यांची वायरिंग करते. येणारा प्रत्येक जण तिलाच विचारतो, "मिस्त्री कुठाय?" आणि ती म्हणते, "बोला." झाडू मारायला ठेवलेली पोरगी बघून बघून शिकली आणि आता दुकान तिचं आहे. मला काढायची खास चावी असते, ती केव्हाच हरवली होती. राणीने मोडक्या छत्रीच्या दोन काड्या घासून चपट्या केल्या, माझ्या दोन्ही बगलांत सरकवल्या आणि मला हलकेच ओढलं. डॅशबोर्डला ओरखडासुद्धा आला नाही. काढणारी अशी असेल तर निघण्यातही मान असतो.

मग ती थांबली. माझ्यामागची मागे जाणारी वायर तिने चिमटीत धरली.

"चाचा, पंखा, छोटा फ्रीज, मोबाइलचं चार्जिंग, सगळं मागं न्यायचंय. ही जुनी वायर हाय, ती वापरू काय? फ्यूज पन मोठा, वीस अँपियरचा टाकावा लागंल. हिचा फ्यूज कवा गेलता काय?"

चाचा माझ्या बटणावरची तसबीह सोडवू लागले.

"गेला असंल तर ही वायर नको. नवी ओढते. पन त्याला दाराकडचं प्लायवूड खोलावं लागंल. दोन तास जातील."

"दोन तास नाय हायत आपल्याकडं," सफा म्हणाली. "पहिलंच गिऱ्हाईक हाय, अब्बा. उशीर झाला तर परत कोन बोलवनार?"

चाचांनी दाराकडे पाहिलं. मीही पाहिलं. बोल, चाचा, मी मनात म्हणत होतो, एकदा खरं बोल.

"नाय," चाचा म्हणाले. "फ्यूज कदी गेला नाय. रेडिओच खराब होता."

पांढऱ्या दाढीच्या माणसाला दुसऱ्यांदा कसं विचारायचं? राणीने विचारलं नाही. तिने पक्कड घेतली, माझ्या पाठीवरच्या टेपच्या अलीकडेच वायरी तोडल्या आणि मला सीटवर ठेवलं. उताणं ठेवलं, मित्रांनो. माझं तोंड वर, पाठ खाली. ज्या चांदीने सगळं बोलून दाखवलं असतं ती सीटच्या कापडाला टेकून राहिली.

मी हताश होऊन बघत राहिलो. जन्मभर बोलण्याचंच काम केलं, आणि बोलायची खरी वेळ आली तेव्हा अंगात वीज नाही. माझ्या जागी मोठा काचेचा पडदा बसला. त्याच्या शेजारी मोबाइल ठेवायची पकड, खाली चार्जिंगची भोकं. त्या पडद्याचा हेवा करायचंही मला सुचलं नाही. राणीने ती पिवळी वायर बॅटरीला जोडली, वीसचा फ्यूज घातला. मोठा फ्यूज म्हणजे उशिरा जागा होणारा राखणदार. वायर तीच बारीक, तीच उघडी पडलेली, आता कोरड्या लाकडामागे झाकलेली. आणि तिच्यापासून दीड हातावर गॅसची नळी.

"पंखा लागला," हफ्सा मागून म्हणाली. तिने दार सरकवलं, परत लावलं, परत सरकवलं. प्रत्येक खेपेला ती उघडी वायर दाराच्या कडेवर घासत होती. वास आला नाही. कुणालाच काही कळलं नाही.

साडेबारा वाजले. सफा चालकाच्या सीटवर बसली. राणीने मला उचलून चाचांच्या हातात दिलं. "हा ठेवता का भंगारात टाकू?"

"टाकतो मीच," चाचा म्हणाले. दुकानाच्या कडेला भंगाराचं पिंप होतं, तिकडे ते मला घेऊन गेले. टाकण्याआधी त्यांनी मला पालथं केलं, का कोण जाणे. सुटलेली टेप लोंबत होती आणि तिच्याखाली चांदी चमकत होती, एका कडेला काळी पडलेली.

चाचांचा हात थांबला. त्यांना तो चढ आठवला असणार, तो धूर आठवला असणार. मागे गाडी सुरू झाली. आता सांगतील, मला वाटलं. पण त्यांनी इकडेतिकडे पाहिलं, नखाने चांदी खरवडून काढली आणि खिशात टाकली. माझा एकुलता एक साक्षीदार त्यांच्या सदऱ्याच्या खिशात गेला. आता ते बोलले नसते तर जगात कुणालाही कधी कळलं नसतं. मला त्यांचा इतका राग कधीच आला नव्हता.

गाडी वळून रस्त्याच्या तोंडाशी आली. मागच्या खिडकीतून हफ्साने हात बाहेर काढला. "नाना, बघा, माझ्याकडं फ्रीज हाय."

चाचा चालू लागले. आधी सावकाश, मग भराभर. मला अजून बगलेत धरलेलंच होतं. ते गाडीच्या पुढे जाऊन उभे राहिले आणि बॉनेटवर हात ठेवला.

सफाने हॉर्न दिला. "अब्बा, बाजूला व्हा. उशीर होतोय."

"बंद कर. चावी काढ. पोरीला खाली उतरव आधी."

"काय झालं?"

चाचांनी खिशातून चांदी काढली आणि राणीसमोर धरली. "फ्यूज गेलता. तीन गेले. मी ही लावली. मग दाराजवळ धूर आला. रेडिओ चांगला होता, राणी. वायर खराब हाय. मना ठाव होतं."

राणीने आधी बॅटरीची वायर सोडली, मग दाराकडच्या प्लायवूडचे स्क्रू काढले. फळी बाजूला झाली. वायरीचं कव्हर बोटभर जागेत निघून गेलं होतं, आतलं तांबं काळं पडलं होतं. आणि नव्या कोऱ्या लाकडावर, बरोबर तिच्यासमोर, टिकलीएवढा तपकिरी डाग होता. तो त्याच दिवसाचा होता. हफ्साने दार तीनदा सरकवलं होतं, तेवढ्यात पडलेला.

सफाने डागावर बोट ठेवलं आणि मुलीला जवळ ओढलं.

"चूक माझी पन हाय," राणी म्हणाली. "मी येकदाच विचारलं."

नवी वायर ओढायला दोन नव्हे, तीन तास लागले. सफाने रोह्याला फोन करून जे होतं ते सांगितलं. त्या लोकांनी दुसरी गाडी केली. पहिलं गिऱ्हाईक गेलं ते गेलंच. ती रडली नाही, पण तिने चाचांकडे बघितलंही नाही. गाडी तयार झाल्यावर मात्र म्हणाली, "अब्बा, चांदी सिगारेटची होती ना?"

"व्हय."

"लग्नात? कसम खाल्ल्यावर?"

"व्हय गो."

"अम्मीला मी नाय सांगनार. घरी गेल्यावर तुमीच सांगा."

चाचांनी मान हलवली. आगीपेक्षा त्यांना त्याचीच जास्त धास्ती वाटत असावी.

गाडी रोह्याला, सफाच्या घरी गेली. चाचा मागे राहिले. राणीने मला टेबलावर ठेवलं आणि एका सुट्या बॅटरीला जोडलं. मी वाजलो असं सांगायला मला फार आवडलं असतं. वाजलो नाही. आठ वर्षांत माझा गळा पार बसला आहे. पण माझा हिरवा दिवा लागला. राणी म्हणाली, "बघा चाचा, हा मेला नव्हता." चाचा स्टुलावर बसून त्या दिव्याकडे बघत राहिले, आणि मग त्यांनी सदऱ्याच्या टोकाने माझं तोंड पुसलं. राग गेला असं म्हणणार नाही, पण अर्धा तरी गेला.

मित्रांनो, तुमच्या घरातली एखादी वस्तू सारखी बंद पडत असेल तर तिला लगेच नावं ठेवू नका. तिला पालथी करून बघा, ती काय सांगते आहे ते ऐका, आणि जळलेल्या फ्यूजवर कधीही चांदी लावू नका. आणि आणखी एक. मोठी माणसं खोटं बोलतात ती वाईट असतात म्हणून नव्हे, लाजतात म्हणून. तेव्हा त्यांनी "काही झालं नव्हतं" असं म्हटलं तर न घाबरता त्यांना दुसऱ्यांदा विचारा. पुष्कळदा त्यांनाही तुम्ही विचारावं असंच वाटत असतं.