तेलकट शर्ट

आप्पांची, म्हणजे माझ्या वडिलांची, अख्खी नोकरी तेलाच्या टाकीपाशी गेली. चिंचोलीच्या कारखान्यात इंजिनाचे लालबुंद तापलेले क्रँकशाफ्ट तेलात बुडवायचे, मग ते कणखर व्हायचे आणि सगळा धूर आप्पांच्या अंगावर यायचा. ते घरी आले की आईच्या तोंडाचा पट्टा सुरू. “शर्ट आणलाय की तेलाचा घाणा?” सोडा लावून घासघासून तिच्या बोटांना कायमच्या भेगा पडल्या होत्या. मला मात्र तो तेलाचा वास अजून आवडतो, काय करणार! आई गेली, आप्पा निवृत्त झाले आणि घर एकदम स्वच्छ, कंटाळवाणं झालं.

आता त्याच कारखान्याच्या लॅबमध्ये मी आहे. चिमूटभर व्हॅनेडियम धातू घातलेलं नवं पोलाद आलंय. त्याला तेल लागत नाही, हवेत बेतानं थंड झालं की ताकद आपसूक येते. चाचणी पास झाली की टाकी बुजवणार. आणि पासचा शिक्का मारणार कोण? आप्पांचीच लेक. त्यांना हे सांगायचा मला धीर होईना.

पहिला लॉट नापास झाला. खोटं कशाला बोलू, बरं वाटलं. पण सूक्ष्मदर्शकाखाली पोलादाचे कण जाडेभरडे दिसले, म्हणजे माल फार सावकाश निवला होता, आणि मला राहवेना. खाली जाऊन पाहते तर सवयीप्रमाणे गरम माल पेटीत एकावर एक रचलेला. सोलापूरच्या उन्हाळ्यात आतला निवणार कधी? गरम भाकरी अशी रचली की आई ओरडायची, “मऊ पडतीय की गं! सुटी सुटी ठेव.” तिच्या कडक भाकरी भिंतीला टेकून वाऱ्याला उभ्या असायच्या. मी शाफ्ट सुटे टांगायला लावले, वर पंखे सोडले. दुसरा लॉट पास झाला. कण बारीक, ताकद हवी तेवढी.

टाकी बुजवायच्या आधी आप्पांना दाखवायला घेऊन गेले. हे आता रागावणार, नाहीतर गप्प होणार, असं रस्ताभर वाटत होतं. वाऱ्यात काळे पडत जाणारे शाफ्ट बघत ते रांगेच्या टोकापर्यंत चालत गेले.

“तेल न्हाईच?”

“नाही, आप्पा.”

“धूर बी न्हाय?”

“नाही.”

शेजारी उभ्या कामगाराच्या शर्टाची बाही त्यांनी चिमटीत धरली आणि हुंगून पाहिली. बाही कोरडी होती, साबणाच्या वासाची.

“लई उशिरा आलं गं हे,” ते म्हणाले. “तुझ्या आईचं हात वाचलं असतं की.”